सेफलस आणि प्रॉक्रिस: संशयाची कथा वाचून आपली प्रतिक्रिया कशी लिहावी

प्रेमातल्या संशयाची कथा वाचून संपली की आपण बहुधा निकाल देऊन मोकळे होतो. नवरा दोषी होता, बायको भोळी होती, चुगली करणाऱ्याने घर मोडले, असे एखादे वाक्य मनात तयार होते आणि तेच आपले मत आहे असे आपल्याला वाटू लागते. मात्र ते कागदावर उतरवायला बसले की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच लेखणी अडते, कारण निकाल देऊन झाल्यावर सांगण्यासारखे काही हाताशी उरलेले नसते. वाचनकट्ट्यावर वाचून दाखवण्यासाठी, महाविद्यालयातल्या टिपणासाठी किंवा नुसते स्वतःच्या वहीत ठेवण्यासाठी ज्यांना एखाद्या पुराणकथेवरची प्रतिक्रिया पान-दीड पानभर नीट लिहायची आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत मांडत आहे. कथा कोण सांगतो आहे ते आधी पाहावे, वाचताना आपले मन नेमके कोणत्या ओळीवर बाजू बदलते ते पकडावे आणि त्या ओळीविषयी लिहावे, एवढेच तिचे सूत्र आहे.

उदाहरणासाठी रोमन कवी ओव्हिड याने सांगितलेली सेफलस आणि प्रॉक्रिस यांची कथा घेतली आहे. तिच्यात प्रेम खरे आहे, संशय दोन्ही बाजूंनी आहे, आणि ज्याच्या हातून बायको मारली गेली तोच ती कथा सांगतो. प्रतिक्रिया लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

कोणता मजकूर घ्यावा

ओव्हिडचा जन्म इ.स.पू. ४३ मध्ये इटलीतल्या सुल्मो या गावी झाला. इ.स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राकाठच्या तोमिस या गावी हद्दपार केले आणि तो तिथेच वारला. त्याच्या 'मेटॅमॉर्फोसिस' या महाकाव्याचे पंधरा खंड असून त्यांत जवळजवळ बारा हजार ओळी आहेत. आपली कथा सातव्या खंडाच्या शेवटी, साधारण दोनशे ओळींत येते. पात्रे अथेन्सची आहेत आणि डोंगरही तिथलाच आहे, त्यामुळे ही कथा ग्रीक की रोमन असा प्रश्न कोणी विचारील. कथेचे मूळ ग्रीकच आहे. परंतु पुढे युरोपातल्या वाचकांच्या आणि चित्रकारांच्या मनात जी ठसली ती या लॅटिन काव्यातली मांडणी होय, आणि आपण प्रतिक्रिया देणार आहोत तीही या मांडणीला.

म्हणूनच कथेचा सारांश वाचून प्रतिक्रिया लिहू नये. सारांशात घटना उरतात आणि सांगण्याची तऱ्हा गळून जाते. ओळींचे क्रमांक दिलेले एखादे गद्य भाषांतर घ्यावे, म्हणजे आपल्याला कोणती जागा अभिप्रेत आहे ते इतरांना दाखवता येते. जमल्यास दुसरे एखादे भाषांतरही जवळ ठेवावे. भाषांतरकार कुठे मऊ शब्द वापरतो आणि कुठे कठोर, यावर आपला राग किंवा कळवळा किती अवलंबून असतो, ते दोन प्रती शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

कथा क्रमाने

क्रीटचा राजा मिनॉस याच्याविरुद्ध मदत मागण्यासाठी सेफलस अथेन्सचा दूत म्हणून एजायना बेटावर आलेला आहे. त्याचे वय झाले आहे, पण तरुणपणीच्या देखणेपणाच्या खुणा चेहऱ्यावर अजून टिकून आहेत. सकाळची वेळ आहे, राजा एयाकस अजून झोपेतून उठलेला नाही, आणि पूर्वेचा वारा वाहत असल्यामुळे परतीचे जहाज सोडता येत नाही. तेवढ्यात फोकस नावाच्या राजपुत्राचे लक्ष पाहुण्याच्या हातातल्या सोन्याच्या टोकाच्या भाल्याकडे जाते. हा भाला कधी चुकत नाही आणि नेम साधून, रक्ताने माखून, आपोआप परत येतो असे त्याला कळते. तो कुणी दिला असे फोकस कुतूहलाने विचारतो आणि सेफलसच्या डोळ्यांत पाणी उभे राहते.

मग तो सांगू लागतो. लग्नानंतरचा दुसरा महिना चालू असताना हायमेटस डोंगरावर तो हरणांसाठी जाळी लावत होता, तेव्हा पहाटेची देवता ऑरोरा हिने त्याला पळवून नेले. त्याच्या तोंडी सतत प्रॉक्रिसचेच नाव ऐकून ती चिडली, आणि 'ठेव तुझी प्रॉक्रिस, पण ती आपली नसती तर बरे झाले असते असे तुला एक दिवस वाटेल,' असे म्हणून तिने त्याला सोडून दिले. घरी परतताना ते शब्द त्याच्या डोक्यात घोळू लागले. बायको तरुण आहे, देखणी आहे आणि आपण इतके दिवस घरी नव्हतो, असा विचार करत त्याने तिची परीक्षा घ्यायचे ठरवले. ऑरोराने त्याचे रूप पालटून दिले. अनोळखी माणूस होऊन तो स्वतःच्याच घरात शिरला, तर घर मालकाच्या काळजीत होते आणि प्रॉक्रिस दुःखात. त्याने पुन्हा पुन्हा गळ घातली. 'मी एकाचीच आहे, तो कुठेही असो,' असे ती सांगत राहिली. त्याने देणग्यांचा आकडा वाढवत नेला, आणि शेवटी एका क्षणी ती डगमगली. त्याबरोबर त्याने आपले खरे रूप दाखवून तिला विश्वासघातकी ठरवले. ती एक शब्दही बोलली नाही. घर सोडून ती डोंगरात निघून गेली आणि सगळ्या पुरुषांचा तिरस्कार करत शिकारीची देवता डायना हिच्या मागे रानात फिरू लागली.

सेफलसने क्षमा मागितली आणि इतक्या देणग्यांपुढे आपणही ढळलो असतो अशी कबुली दिली. ती परतली, येताना लायलॅप्स नावाचा कुत्रा आणि तो भाला घेऊन आली, आणि दोघांची वर्षे सुखात गेली. (कुत्र्याची पुढे थीब्जच्या रानात एक वेगळी गोष्ट आहे. तो आणि त्याच्यापुढे पळणारे श्वापद दोघेही संगमरवराचे झाले. प्रतिक्रियेत तिच्यावर फार वेळ घालवू नये.) सेफलस पहाटे एकटाच शिकारीला जाई, दमला की सावलीत आडवा होई आणि वाऱ्याला हाक मारी: 'आउरा, ये, माझ्या उराशी ये, हा दाह शांत कर.' आउरा म्हणजे झुळूक. हे लाडिक शब्द कुणीतरी ऐकले, आउरा ही एखादी वनदेवता असावी असा समज करून घेतला आणि प्रॉक्रिसच्या कानावर घातले. ती दुःखाने कोसळली. तरीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज नवऱ्याला दोषी धरणार नाही, असे तिने ठरवले. दुसऱ्या दिवशी ती झुडपात लपून बसली. त्याने झुळुकेला हाक मारली. त्याला कण्हल्यासारखा आवाज आला, पाने सळसळली, श्वापद असेल असे वाटून त्याने भाला फेकला आणि आवाज ओळखीचा निघाला. मरताना तिने एकच मागितले: आउराला आपल्या शय्यागृहात येऊ देऊ नकोस. तेव्हा कुठे त्याला सारा घोटाळा कळला. त्याने खुलासा केला आणि ती त्याच्याकडे पाहत, चेहऱ्यावर काहीसे समाधान घेऊन, गेली.

पहिले वाचन आणि पहिली नोंद

कथा एका बैठकीत वाचावी, शक्य असल्यास मोठ्याने. वाचताना हातात पेन्सिल असावी, पण समासात मते लिहू नयेत; जिथे मनात काही हलले तिथे नुसती रेघ ओढावी. राग आला, हसू आले, कंटाळा आला, घाई झाली, हे सारे 'मनात हलणे'च आहे. कंटाळ्याची नोंदही प्रामाणिकपणे ठेवावी, कारण आपल्याला कुठे कंटाळा येतो त्यावरून आपण कथेत काय शोधत होतो ते कळते. वाचून झाल्याबरोबर, कुणाशी बोलण्याआधी आणि कुठलेही विवेचन उघडण्याआधी, पाच-सहा वाक्यांची पहिली नोंद करावी आणि तिच्यावर तारीख घालावी. या नोंदीची भाषा ओबडधोबड असली तरी चालते. पुढच्या लेखनात तिच्यातले एकही वाक्य आले नाही तरी ती जपून ठेवावी, कारण नंतर वाचलेले दुसऱ्यांचे म्हणणे आपल्याला फार लवकर आपले वाटू लागते.

आता ओढलेल्या रेघा मोजाव्या आणि त्यांतली सर्वांत ठळक कोणती ते ठरवावे. बहुतेक वाचकांच्या रेघा शेवटच्या प्रसंगावर गर्दी करतात, आणि ते स्वाभाविक आहे. माझी सर्वांत ठळक रेघ मात्र परीक्षेच्या प्रसंगावर पडते. प्रॉक्रिस अनेकदा नकार देते आणि तो देणगी वाढवत राहतो. ती डगमगली असे सेफलस सांगतो तिथे क्रियापदाचा कर्ता तो स्वतः आहे: मी तिला डगमगायला भाग पाडले, असा त्या ओळीचा अर्थ होतो. इतकी वर्षे लोटल्यावरही त्याने हे असेच सांगावे याचे मला विशेष वाटते. त्या क्षणापर्यंत मी त्याच्यावर चिडलेला असतो, आणि नेमका या कबुलीपाशी तो राग दुभंगतो. प्रतिक्रियेला लागणारी जागा अशी असते.

कोण बोलतो आणि कोण गप्प आहे

यानंतरचे काम थोडे चिकाटीचे आहे. कथा पुन्हा वाचावी आणि या वेळी केवळ बोलणाऱ्यांकडे लक्ष द्यावे. संपूर्ण हकिगत सेफलसच्या तोंडून येते. प्रॉक्रिसचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे फक्त तीन वेळा ऐकू येतात: परक्या माणसाला नकार देताना, भाला लागल्यावरच्या किंकाळीत आणि मरतानाच्या विनवणीत. परीक्षेचा पडदा फाटतो तेव्हा ती काहीच बोलत नाही. डोंगरातून ती का परतली, क्षमा तिने मनापासून केली का, भाला देताना ती काय म्हणाली, यांतले काहीही तिच्या तोंडून आपल्यापर्यंत येत नाही. 'प्रॉक्रिस भोळी होती' असे ज्यांनी पहिल्या नोंदीत लिहिले असेल त्यांनी इथे थांबून स्वतःला विचारावे, की हा भोळेपणा आपण तिच्या शब्दांत पाहिला की त्याच्या.

सांगणारा खोटे बोलतो असा याचा अर्थ नव्हे. तो रडत सांगतो आहे आणि स्वतःचा दोष लपवत नाही. तरीही सुरुवातीला एक ओळ अशी येते की भाला कोणत्या मोबदल्यात मिळाला ते सांगण्याची त्याला लाज वाटते आणि त्याविषयी तो गप्प राहतो. ओव्हिड हा धागा पुढे उलगडत नाही. हायजिनसच्या नावावर असलेल्या लॅटिन कथासंग्रहात मात्र त्याचे एक उत्तर सापडते. तिथे प्रॉक्रिस तरुण मुलाच्या वेषात परत येते, शिकारीत सेफलसला मागे टाकते, आणि तो कुत्रा व भाला मागू लागल्यावर त्यांच्या बदल्यात शय्यासोबतीची अट घालते. तो कबूल होतो, आणि मग ती आपली ओळख देते. परीक्षा अशी उलटते. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या ग्रीक संग्रहात तर प्रॉक्रिस सोन्याच्या मुकुटासाठी दुसऱ्या पुरुषाला खरोखरच वश होते. ओव्हिडने तिला केवळ डगमगू दिले आणि त्याची लाज एका ओळीत झाकली. म्हणजे दोघांनाही त्याने अधिक सुसंस्कृत केले. ही माहिती हाती आल्यावर आपली पहिली प्रतिक्रिया बदलते का ते पाहावे. बदलली नाही तरी काही बिघडत नाही. परंतु का बदलली नाही हे लिहिण्याजोगे असते.

याच वाचनात मत्सराचेही वाटे करून घ्यावेत. 'ही मत्सराची कथा आहे' असे एक वाक्य लिहून पुढे जाणे सोपे असले तरी इथे तिघांना तीन वेगळ्या गोष्टी होतात. ऑरोराला हवे ते मिळालेले नाही आणि ज्यांना मिळाले आहे त्यांचे सुख तिला पाहवत नाही. सेफलसच्या हाती कसलाही पुरावा नाही, कुणी चुगलीही केलेली नाही; स्वतः परक्या स्त्रीच्या सहवासातून परतणारा हा माणूस आपल्या गैरहजेरीचा हिशेब बायकोच्या नावावर मांडतो. प्रॉक्रिसला मात्र बातमी मिळाली आहे, आणि तरीही ती शंकेला जागा ठेवून स्वतः पाहायला जाते. माझ्या मते तिघांत सर्वांत सावधपणे वागते ती तीच, आणि जीव तिचाच जातो. चुगलखोरावर राग काढणारे वाचक पुष्कळ असतात. त्यांनी एवढे पाहावे की कवीने त्याला नाव दिलेले नाही, 'कोण जाणे कोण' एवढ्यावरच त्याला सोडले आहे. ज्याला चेहराच नाही त्याच्यावर सगळा दोष टाकला की कथेतली दोन्ही माणसे आयती सुटतात.

त्याच कवीची दुसरी मांडणी

ओव्हिडने ही कथा त्याआधीही एकदा सांगितली होती. प्रेमकलेचे धडे देणाऱ्या 'आर्स अमाटोरिया' या त्याच्या काव्याचा तिसरा भाग स्त्रियांना उद्देशून आहे, आणि तिथे कानावर आलेल्या गोष्टीवर पटकन विश्वास ठेवू नये या उपदेशाला दाखला म्हणून प्रॉक्रिस येते. या मांडणीत नवऱ्याने घेतलेली परीक्षा नाही, देणग्या नाहीत, ऑरोरा नाही. शिवाय शेवटी एक मोठा फरक आहे: झुडपात बसलेल्या प्रॉक्रिसला सेफलसचे बोलणे ऐकून आपली चूक तिथल्या तिथे उमगते, तिच्या चेहऱ्यावर रंग परत येतो आणि नवऱ्याच्या मिठीत शिरण्यासाठी ती आनंदाने उठते, त्या हालचालीलाच तो श्वापद समजतो. मरताना ती म्हणते की आपण अकाली जातो आहोत, पण कोणत्याही सवतीमुळे नाही, आणि म्हणून माती आपल्याला हलकी वाटेल.

दोन्ही मांडण्या वाचणाऱ्याने एका गोष्टीचा निर्णय करावा: संशय फिटल्यावर आलेला मृत्यू अधिक दुःखद, की संशय मनात असतानाच झालेला घाव? हा प्रश्न नुसता तोंडी चर्चेत सोडू नये, उत्तर लिहून काढावे, कारण त्यातून आपल्याला मुळात कशाची भीती वाटते ते कळते. मला 'मेटॅमॉर्फोसिस'मधली मांडणी जास्त बोचते. तिथे जखमी प्रॉक्रिस आपल्यावर खरे प्रेम असलेल्या माणसाकडे न झालेल्या अपराधाबद्दल विनवणी करते, आणि सत्य तिला कळते ते ऐकण्याइतकाच श्वास उरलेला असताना. 'आर्स'मधल्या प्रॉक्रिसचा आनंद मला कवीने उपदेशासाठी घाईने उरकल्यासारखा वाटतो. कुणाला याच्या अगदी उलट वाटेल, आणि दोन्ही मते ओळी दाखवून मांडता येतात.

आपल्याकडच्या कथा आठवतात तेव्हा

मराठी वाचकाला इथे दशरथ आठवल्याशिवाय राहत नाही. रात्री नदीवर घागर बुडल्याचा आवाज, हत्ती पाणी पितो आहे असा समज, शब्दवेधी बाण आणि मरणारा श्रावण. आवाजावर सोडलेले शस्त्र आणि मागाहून कळलेली ओळख हे दोन्हीकडे इतके सारखे आहे की लिहिणारा लगेच 'अगदी आपल्या श्रावणबाळासारखी' असे लिहून टाकतो. रूप पालटून आलेला पुरुष म्हटल्यावर अहल्या आणि इंद्रही आठवतात. अशी आठवण दाबून टाकू नये, परंतु साम्य सांगून तिथेच थांबूही नये. आठवण उपयोगी पडते ती फरक दाखवण्यासाठी.

दशरथाचे आणि श्रावणाचे आधी काही नाते नव्हते. घावानंतर त्याला शाप मिळतो, आणि तो शाप पुढची कथा चालवतो. सेफलसला कोणी शाप देत नाही, त्याला शिक्षाही होत नाही. तो दूत म्हणून मानाने हिंडतो आणि तो भाला हातात बाळगतो. इंद्र दुसऱ्याच्या बायकोकडे नवरा बनून जातो, तर सेफलस स्वतःच्या बायकोकडे परका बनून जातो. म्हणजे तिने फसावे अशी इच्छा एकाला स्वतःच्या सुखासाठी होती आणि दुसऱ्याला स्वतःच्या भीतीची खात्री करून घेण्यासाठी. एवढे दोन फरक नीट लिहिले तरी प्रतिक्रियेचा एक भरीव परिच्छेद होतो. सीतेच्या अग्निपरीक्षेचा उल्लेख करण्याचा मोहही अनेकांना होईल; तो केल्यास प्रॉक्रिसने परीक्षेनंतर घर सोडले आणि नवऱ्याने क्षमा मागितली, हे त्याच परिच्छेदात सांगावे, नाहीतर तुलना एकतर्फी होते.

प्रत्यक्ष लिहिताना

पहिल्या वाक्यात कथेचा परिचय देऊ नये. आपण निवडलेल्या ओळीपासून सुरुवात करावी आणि तिच्याभोवती लागेल तेवढीच कथा सांगावी. 'ही कथा मला खूप भावली' किंवा 'मन सुन्न झाले' ही वाक्ये खोटी नसतात, पण ती कोणत्याही कथेखाली बसतात. त्यांच्या जागी काय घडले आणि त्याने आपल्याला काय केले, हे एका दमात यावे. नमुन्यादाखल एक परिच्छेद देतो:

'भाल्याचे वर्णन येते तेव्हा तो नेम साधून आपोआप परत येतो असे सांगितले आहे, आणि मी ते जादूच्या वस्तूंबद्दल नेहमी येणारे वाक्य म्हणून वाचून सोडून दिले होते. मृत्यूच्या प्रसंगात सेफलस धावत पोहोचतो तेव्हा प्रॉक्रिस तो भाला स्वतःच्या जखमेतून ओढून काढत असते. त्या दिवशी भाला परत आला नाही. कवी त्याचे कारण देत नाही. तिने प्रेमाने दिलेली भेट तिच्यापाशीच थांबली असे मला प्रथम वाटले. मग ते फार गोड वाटू लागले, आणि लक्षात राहिले ते इतकेच की मरणाऱ्या बाईला तो स्वतःच्या हाताने उपसावा लागत होता. तेव्हापासून सेफलसच्या अश्रूंवर माझा विश्वास बसतो, पण त्या अश्रूंनी माझे समाधान होत नाही.'

या परिच्छेदात मत एकदा बदललेले दिसते, आणि तो बदल तसाच ठेवलेला आहे. प्रतिक्रिया लिहिताना आपण अंतिम मतापर्यंत कसे आलो तो रस्ता पुसून टाकण्याची सवय असते. तो रस्ता राहू द्यावा. मात्र 'एका अर्थी', 'तसे पाहिले तर', 'कदाचित असेही असेल' अशा शब्दांनी प्रत्येक वाक्य भिजवून ठेवू नये. जिथे मत पक्के आहे तिथे ते सरळ लिहावे.

आजच्या कसोट्या लावाव्यात का, हा प्रश्न नेहमी निघतो. लावाव्यात, कारण वाचणारा आजचा आहे. परंतु कथेतल्या माणसांना स्वतःच्या चुकीची जाण नव्हती असे गृहीत धरू नये. सेफलस स्वतःच म्हणतो की त्याने जखम स्वतःच्या हाताने ओढवून घेतली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवीला परीक्षेतला अन्याय दिसत होता, आणि त्याने तो पुरुषाच्याच तोंडून वदवला. 'त्या काळी स्त्रीला किंमत नव्हती' हे वाक्य लिहिण्याआधी ती जागा पुन्हा वाचावी.

स्वतःच्या आयुष्यातला संशय किती आणावा याबाबत माझे मत कंजूषपणाचे आहे. एक प्रसंग, तोही चार-पाच वाक्यांचा, पुरतो, आणि तो कथेतल्या निवडलेल्या ओळीला लागून आला पाहिजे. नवऱ्याचा फोन तपासल्याचा किंवा मैत्रिणीच्या सांगण्यावरून अबोला धरल्याचा अनुभव जरूर उपयोगी आहे. पण त्यात दुसरी व्यक्तीही असते आणि ती तिथे उत्तर द्यायला हजर नसते. तिला ओळखता येईल असे तपशील गाळावेत. वाचनकट्ट्यावर मोठ्याने वाचायचे असेल तर हा भाग आधी घरी एकट्याने वाचून पाहावा, म्हणजे कुठे आपण स्वतःला सोयीस्करपणे सोडवून घेतले आहे ते कानाला खटकते.

एखादे चित्र पाहून लिहायचे असल्यास लंडनच्या नॅशनल गॅलरीत पिएरो दि कोझिमो याचे पंधराव्या शतकाच्या अखेरचे एक आडवे चित्र आहे. त्यात पडलेल्या तरुणीशेजारी एक वनदेव गुडघे टेकून तिच्या कपाळाला हात लावतो आहे आणि पायथ्याशी एक तपकिरी कुत्रा बसलेला आहे. ते प्रॉक्रिसचे चित्र असे पुष्कळ काळ मानले गेले. गॅलरीने दिलेल्या नावात मात्र प्रॉक्रिस नाही. ओव्हिडच्या कथेत वनदेव नाही, घाव छातीवर आहे, आणि चित्रातल्या तरुणीच्या गळ्यावर व हातांवर जखमा आहेत. चित्राचा आधार घ्यायचा तर कथा आणि चित्र यांची सरमिसळ न करता, शोक करणाऱ्याच्या जागी नवरा नसल्यामुळे पाहणाऱ्याला काय वाटते, एवढ्यापुरताच घ्यावा.

मसुदा तयार झाला की दोन-चार दिवस बाजूला ठेवावा आणि मग पहिल्या नोंदीशेजारी ठेवून वाचावा. सेफलस आणि प्रॉक्रिस यांची नावे काढून दुसऱ्या कोणत्याही जोडप्याची नावे घातली तरी जे वाक्य तसेच चालेल, ते काढून टाकावे. त्यामुळे मजकूर निम्म्यावर आला तरी हरकत नाही. नावांचे लेखन शेवटी एकदा तपासावे: आपल्याकडे इंग्रजीतून आलेले 'सेफलस' रूढ आहे, तर लॅटिन उच्चार 'केफालुस'च्या जवळ जातो. कोणतेही एक रूप घ्यावे, पण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तेच ठेवावे, आणि झुळुकेची 'आउरा' व पहाटेची 'ऑरोरा' यांची अदलाबदल होऊ देऊ नये.